ऐंशी सेकंदांचा किलोमीटर

भाव करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. गौलीगुड्याच्या मंडईत कोथिंबीर घेताना मी भाव करतो, डॉक्टरने फी सांगितली की तिथेही करतो, आणि घरात बायको म्हणाली की पाच पाहुणे येणार, तर चार धरू का म्हणून विचारतो. त्याची मला लाज नाही. रिकाम्या हाताने या शहरात आलेल्या माणसाकडे तेवढं एकच हत्यार असतं. माझ्यापुढे एकही आकडा जसाच्या तसा उभा राहिला नाही, एक सोडून. तो आकडा पंचेचाळीस. आणि तो सांगणारा माणूस म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला मालगाडीचा गार्ड. ऐन हंगामाच्या तोंडावर त्याने माझं काम सोडलं, एका आकड्यावरून सोडलं. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

त्या काळात मी जनरेटर भाड्याने द्यायचो. नव्या आर्थिक धोरणाची ती वर्षं. शहराभोवती रोज एखादी शेड उभी राहायची, कुठे औषधांची, कुठे प्लास्टिकची, आणि वीज मात्र जुन्याच सवयीने जायची. पूर्वी अशी यंत्रं घ्यायची म्हणजे परवान्यापासून सुरुवात होती. आता विकणारेच टाय लावून माझ्या गाळ्यात येऊन बसायचे. बिदरकडची माझ्या वाटणीची जमीन विकून मी पहिला जनरेटर घेतला, दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवला आणि तो ट्रेलर जीपच्या मागे जोडला. ज्याची वीज गेली त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढाच धंदा. कारखाने, लग्नं, नामपल्लीच्या मैदानातलं प्रदर्शन. फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. जीप चालवता येणं वेगळं, आणि जीपच्या मागे सव्वा टन लोखंड ओढत नेणं वेगळं.

पहिल्या सहा महिन्यांत दोन ड्रायव्हर झाले. दुसऱ्याने पटनचेरूच्या वळणावर ट्रेलर शेतात घातला. जनरेटर वाचला, माणूस वाचला, पण त्या दिवसापासून ट्रेलर रस्त्यावर असला की मी फोनपासून हलायचो नाही. गाळ्यातला फोन वाजला की मी ‘कोण?’ असं विचारायचो नाही. ‘कुठे?’ असं विचारायचो.

अशा दिवसांत गार्डसाहेब आले. खरं तर ते गिऱ्हाईक म्हणून आले होते. तारनाक्याला त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्याला जनरेटर हवा होता. मी स्वतः ट्रेलर मागे घेत मांडवाशी लावत होतो आणि हा उंच, वाळका माणूस, पांढरी पँट, काळे बूट, मुलीचं लग्न सोडून ट्रेलरकडे बघत उभा. मी उतरलो तर म्हणाले, “तुमच्या ट्रेलरचं नाक हलकं आहे.”

मी म्हणालो, “मुहूर्ताला वेळ आहे वाटतं तुमच्या.”

“मुहूर्त भटजी बघतायत. नाक कोण बघणार?”

लग्नानंतर आठवड्याने ते गाळ्यात हजर. नोकरी मागायला. म्हणाले, “मला पेन्शन आहे. पगार द्याल तो द्या. वेग मी ठरवणार.” मी पगाराचं तेवढं ऐकलं आणि वेगाचं कानाआड केलं. तिथेच फसलो.

हा माणूस गाडी चालवायला निवृत्तीनंतर शिकला होता. त्याआधी तीस वर्षं मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, मागे तोंड करून. “ड्रायव्हर पुढे बघतो,” ते सांगायचे, “त्याला वाटतं गाडी म्हणजे इंजिन. त्याने तिकडे थोडी घाई केली की इकडे आमचा चहा भिंतीवर. शेपटाला काय सोसावं लागतं ते शेपटात बसल्याशिवाय कळत नाही.” त्यामुळे जीप चालवतानाही त्यांचं अर्धं लक्ष आरशात. जेवायचेसुद्धा ट्रेलरच्या कडेवर बसून, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून. बसमध्ये बसले तर उलट्या तोंडाची सीट शोधायचे.

निघायच्या आधीचे त्यांचे विधी ठरलेले. ट्रेलर जीपला जोडण्याआधी त्याच्या पुढच्या दांडीखाली खांदा घालायचा, ती उचलायची आणि डोळे मिटून तिचं वजन खांद्यावर तोलायचं. जड असली तर होकाराची मान हलवायचे. हलकी असली तर सामान उतरवून पुढे सरकवायला लावायचे. “नाकात वजन पाहिजे. नाक हलकं झालं की शेपूट मालक होतं.” मग खिशातून रेल्वेची शिट्टी काढून एक लांब शिट्टी. आमच्या गल्लीत त्या शिट्टीने पहिल्या दिवशी हाहाकार झाला. पोलीस आले समजून फुटपाथवरच्या तीन हातगाड्या पळाल्या, आणि केळीवाल्याने महिनाभर माझ्या नावाने शिव्या घातल्या.

आणि शिट्टीनंतर आकडा. न्यायाधीशाने शिक्षा सुनवावी तसा. रिकामा ट्रेलर असला तर “अठ्ठेचाळीस.” ओला रस्ता असला तर “चाळीस.” आणि एरवी, वर्षातले तीनशे दिवस, “पंचेचाळीस.”

जीपचा काटा ते बघायचेच नाहीत. “काटा मालकाचा नोकर असतो. दगड सरकारचे आहेत.” रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळावर त्यांचा हिशेब. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ऐंशी सेकंद लागले म्हणजे पंचेचाळीस. अठ्ठ्याहत्तर लागले तर पाय उचलायचे, ब्याऐंशी लागले तर दाबायचे. मी शेजारी बसलेला असलो की हे सगळं मला मोठ्याने ऐकावं लागायचं. “एक्क्याऐंशी. ऐंशी. ऐंशी. एकोणऐंशी, उतार लागला.” चाळीस किलोमीटर हे ऐकून बघा.

मी भाव करायचो. न करून कसं चालेल? गिऱ्हाईक फोनवर ओरडत असायचं.

“गार्डसाहेब, आज पंचावन्न करा.”

“पंचेचाळीस.”

“बरं, तुमचं नको, माझं नको. पन्नास.”

“पंचेचाळीस.”

“अहो, काही तरी सोडा की!”

“मालक, मी तुमच्याकडून काही घेतच नाही, सोडू काय?”

शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. तिथले उस्ताद हे रोज ऐकायचे आणि डोळ्यावरची काच वर करून म्हणायचे, “भाई, इनों गाडी नै चलाते. इनों पटरी बिछाते जाते.”

हसायला यायचं, पण मग गाडी गेल्यावर हसू जायचं. फोन माझ्या उशाशी, पलीकडे गिऱ्हाईक. “निघाले का?” “निघाले निघाले.” “कुठपर्यंत आले?” मला काय माहीत कुठपर्यंत आले! रस्त्यावर नव्या छोट्या मोटारी आल्या होत्या, सगळं शहर कुठे तरी लवकर पोचायच्या मागे होतं. दुसऱ्या भाडेवाल्यांचे ट्रेलर साठ-सत्तरने जायचे. आणि माझं यंत्र, माझी जमीन म्हणा ना, तिकडे ऐंशी सेकंदाला एक दगड मोजत चाललेली. ते वेळेवर पोचतील का ही एक काळजी, आणि कुणी मागून येऊन ठोकेल का ही दुसरी.

तरी खरं तेही सांगतो. त्यांनी पंचेचाळीस हवेतून काढले नव्हते. एकदा आठवडाभर त्यांनी जीपमध्ये सलाईनची रिकामी बाटली टांगली, तिच्यात एक लिटर डिझेल भरलं आणि नळी थेट इंजिनच्या पंपाला जोडली. दवाखान्यातला पेशंट नेतोय असं दिसायचं. मग मागे ट्रेलर घेऊन शमशाबादच्या पुढे एकाच रस्त्यावर रोज वेगळ्या वेगाने जायचं आणि बाटली कोणत्या दगडापाशी संपते ते बघायचं. साठने बाटली सहाव्या दगडाच्या आत संपली. मी म्हणालो, मग तीसने दहाव्यापर्यंत जाईल. ते म्हणाले, “हळू म्हणजे स्वस्त, असं कुणी सांगितलं?” आणि तसंच झालं. तीसला खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहायचं, बाटली सातव्याला संपली. पंचेचाळीसला ती आठव्याच्या पुढे ताडीच्या दुकानापर्यंत गेली. त्याच वेगाला, त्यांनी दाखवलं, आरशातला ट्रेलर जीपच्या मागे सरळ रेषेत येतो. पन्नासच्या पुढे तो हलकेच अंग हलवायला लागतो. म्हणजे डिझेल आणि शेपूट दोघांनीही एकच आकडा सांगितला होता. हे सगळं त्यांनी माझ्या डिझेलवर केलं, म्हणून मी तेव्हा चिडलो. नंतर डिझेल कमी लागायला लागलं, टायर जास्त टिकायला लागले, तेव्हा मी गप्प बसलो. माल चांगला आहे हे विकणाऱ्यासमोर कबूल करायचं नसतं.

आता ज्या दिवसामुळे सगळं बिघडलं तो दिवस.

जडचर्लाच्या अलीकडे एक हॅचरी होती. अंडी उबवून कोंबडीची पिल्लं तयार करण्याचा कारखाना. त्याच्या मालकाचा अकराच्या सुमाराला फोन आला. वीज गेलेली, त्यांचा स्वतःचा जनरेटर बंद पडलेला, उबवण्याच्या कपाटांतली अंडी फुटून पिल्लं बाहेर यायला लागलेली आणि हवा फिरवणारे पंखे थांबलेले. पंखे नसले की त्या बंद कपाटांत पिल्लं गुदमरतात. “अन्ना, बच्चे मर जाते!” माणूस फोनवर अक्षरशः रडत होता. “दो घंटे. बस दो घंटे में आए तो सालभर का काम तुम्हारा. नहीं तो सब खतम.”

दोन तास, आणि अंतर ऐंशी किलोमीटर. वर्षभराचं काम. मी फोन ठेवला आणि बाहेर धावलो.

गार्डसाहेब कोपऱ्यावर चहा घ्यायला गेले होते. मी त्यांची वाट पाहिली नाही. उस्तादांना हाक मारली, दोघांनी मिळून सामान चढवलं. तिथे गेल्यागेल्या आधी केबल लागणार, म्हणून केबलची दोन मोठी रिळं ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवली. डिझेलचं पिंपही मागेच. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. जे आधी लागतं ते उतरवायला सोपं असं शेवटी ठेवायचं. मग दांडी जीपला अडकवून टाकली.

गार्डसाहेब आले आणि थांबले. “जोडलंत?”

“जोडलं. बसा.”

“खांदा लावायचा राहिला.”

“गार्डसाहेब, तिकडे पिल्लं मरतायत.”

त्यांनी मागे जाऊन ट्रेलरच्या टोकावर नुसता हात दाबला. जीपचं मागचं अंग वर उचललं गेलं. “रिळं पुढे घेऊ. वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं नाहीत आपल्याकडे! दोन तासांतली तीस मिनिटं इथेच गेली.”

“मग आज चाळीस.”

चाळीसने ऐंशी किलोमीटर म्हणजे दोन तास, आणि आमच्या हातात उरला होता दीड. मी हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. शिट्टी वाजवली. म्हणाले, “चाळीस.”

शहरातून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. गर्दीत तशीही कुणाची गाडी पळत नाही. आरामघरच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि माझं डोकं तापायला लागलं. नव्वद सेकंदाला एक दगड. “नव्वद. एक्क्याण्णव.” मला डोळ्यांसमोर ती कपाटं दिसत होती, आत चोची उघडून पडलेली पिल्लं. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होता.

“गार्डसाहेब, पाया पडतो. पंचावन्न.”

“नाक हलकं आहे, मालक.”

“पन्नास तरी!”

“नाकाला सांगा.”

शमशाबादच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. हाही विधीच. वीस-पंचवीस किलोमीटरला उतरून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हाताची पालथी बाजू लावून बघायची, तापलंय का. ते उतरून मागे गेले आणि मी सरकून त्यांच्या जागेवर बसलो. इंजिन चालूच होतं.

ते परत आले, खिडकीशी उभे राहिले. मी म्हणालो, “बसायचं तर तिकडून बसा. नाहीतर इथून तुम्हाला बस मिळेल.”

असं मी एका साठीतल्या माणसाला बोललो. ते गेले असते तरी चाललं असतं, पण ते वळसा घालून आले आणि शेजारी बसले. मनगट मांडीवर उलटं ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते सेकंद मोठ्याने म्हणाले नाहीत.

पन्नास. काही झालं नाही. पंचावन्न. ट्रेलर मागे जरासा हलला आणि सावरला. मी मनात म्हणालो, बघा, इतके महिने मला घाबरवून ठेवलं. साठ. समोर लांब उतार होता आणि रस्ता रिकामा. मी पाय दाबूनच ठेवला. उतारावर काटा बाहत्तरला गेला. मी तो डोळ्यांनी पाहिला.

आधी स्टेअरिंग हातात हलकं झालं, कुणी तरी मागून जीपची शेपटी धरून उचलल्यासारखं. मग जीप डावीकडे ओढली गेली, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. आरशात ट्रेलर दिसायचा, नाहीसा व्हायचा, दुसऱ्या आरशात दिसायचा. माझा पाय ब्रेककडे गेला.

“ब्रेक नाही मारायचा.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “पाय उचला. नुसता उचला. स्टेअरिंग सरळ धरा, त्याच्याशी भांडू नका.”

समोरून एक मोपेड येत होती. पुढे नवरा, मागे बायको, तिच्या मांडीवर टोपली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ट्रेलर त्यांच्या बाजूला झुलला आणि त्या माणसाने मोपेड सरळ डांबरावरून खाली, खड्ड्यात घातली. ट्रेलरचं टोक त्यांच्या जागेवरून गेलं. मग तो परत आमच्या मागे आला, पुन्हा गेला, थोडा कमी, पुन्हा थोडा कमी. चढ लागला. काटा चाळीसच्या खाली आला आणि ट्रेलर सरळ झाला.

गार्डसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर वाकून मागे बघत होते. “थांबवा,” ते म्हणाले.

मी थांबवली नाही. मला थांबवताच आली नाही. थांबलो असतो तर पुन्हा निघालो नसतो.

“उठला,” ते मागे बघत म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तीही उठली.” मग आत येऊन बसले. उरलेला रस्ता मी पंचेचाळीसने गेलो. त्यांनी तेही मोजलं नाही.

पोचलो तेव्हा दोन तासांवर बरीच मिनिटं झाली होती. हॅचरीत सगळे दरवाजे उघडे, माणसं पुठ्ठ्यांनी कपाटांत वारा घालत होती. केबल जोडली, जनरेटर सुरू केला, पंखे फिरले. पाच मिनिटांत आतून पिल्लांचा असा कलकलाट उठला की मला रडू आलं. मालक धावत येऊन मला मिठी मारून म्हणाला, “अन्ना, जान बचाई!”

मी म्हणालो, “माफ करना, जरा लेट हुआ.”

तो हसला. “किधर का लेट? मैं दो घंटे बोला. ऐसा दरवाजे खोल के, हवा मार के तीन-साढे तीन भी चल जाते. तुम लोगों को तीन बोले तो चार में आते ना!”

तो मोठ्याने हसला, मीही हसलो. त्याच्या जागी मी असतो तर मीही दोनच सांगितले असते. मागे वळून पाहिलं तर गार्डसाहेब तिथेच उभे होते, सगळं ऐकून. त्यांनी ट्रेलरवरचं डिझेलचं पिंप लोटत लोटत पुढच्या टोकाला नेलं, दोन्ही चाकांना हाताची पालथी बाजू लावली, आणि फाटकातून बाहेर पडून हमरस्त्याकडे चालत गेले. मला वाटलं, चहाला गेले. ते बसने गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत.

लग्नांचा हंगाम तोंडावर, प्रदर्शन सुरू व्हायचं होतं, हॅचरीचं वर्षाचं काम हातात, आणि ट्रेलर ओढायला माणूस नाही. मी एक महिना माझा राग धरून ठेवला. काम मी मिळवलं होतं, पिल्लं वाचली होती, कुणी मेलं नव्हतं. मग हा माणूस मला कसली शिक्षा देतोय? नवे ड्रायव्हर आले. एकाने जोडणीची पिन तोडली, दुसऱ्याने महिन्यात दोन टायर फाडले. माझी झोप गेली. शेवटी तारनाक्याला गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मुलगी लग्न होऊन नागपूरला, बायको पूर्वीच गेलेली. त्यांनी चहा केला. मी पगाराचा आकडा सांगितला, त्यांनी साखर ढवळली. मी वाढवला, त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. तिसऱ्यांदा वाढवला तेव्हा म्हणाले, “पगाराचं सोडा, मालक. मला एकच सांगा. त्या उतारावर काटा किती होता?”

मी भाव करत होतो ना. माझ्या तोंडून सवयीने निघालं, “पंचावन्न.”

“नक्की?”

“पंचावन्न. फार तर छप्पन्न.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग माझंच चुकलं. पंचावन्नला ट्रेलर असा झुलत असेल तर माझं सगळं गणित खोटं. बाटली खोटी, दगड खोटे. असा माणूस तुम्ही कामावर कशाला ठेवता?”

“गार्डसाहेब, एका आकड्यावरून...”

“आकडाच तर मी विकत होतो तुम्हाला. दुसरं काय होतं माझ्याकडे?”

मी उठलो. चहा तसाच राहिला. जिन्यात मी त्यांना मोठ्याने बरंच काही बोललो, म्हातारा, हेकट, रेल्वेने डोकं फिरवलेला. त्यांना ऐकू गेलं असणार. घड्याळ त्या दिवशी त्यांच्याच मांडीवर होतं, दगडही त्यांनी पाहिले होते. मग मला विचारायचं कशाला? हा माझा राग आहे, आणि आजही मला वाटतं की त्यांनी विचारायला नको होतं.

पुढचे दोन महिने मी ड्रायव्हर बदलत राहिलो. गाडी परत आली की मी चाकांच्या मध्यभागी हात लावून बघायचो. हात चटकन मागे घ्यावा लागायचा, इतकं तापलेलं. “किती वेगाने आलास?” मी विचारायचो. “पंचेचाळीस, सेठ.” दुसऱ्याला विचारलं तर तोही, “पंचेचाळीसच्या वर काटा गेला नाही.” सगळे पंचेचाळीस. तोंडावर, न लाजता. एका संध्याकाळी असंच ऐकून मी ड्रायव्हरवर इतका ओरडलो की उस्ताद वेल्डिंग थांबवून बाहेर आले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. तो पोरगा म्हणत होता, “सेठ, पन्नास असेल फार तर.” मी ओरडायचा थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारनाक्याला गेलो. दाराला कुलूप होतं. समोरच्या दारातून एक तेलुगू बाई बाहेर आल्या, त्यांचे यजमानही रेल्वेतलेच.

“गार्डसाब? बेटी के पास गए, नागपूर. सामान भी ले गए. अब नै आते.”

“फोन आता क्या उनका?”

“इतवार को आता. कुछ बोलना है?”

मी कुलूप एकदा हलवून पाहिलं. मग म्हणालो, “उनको बोलना, अडसठ था.”

“क्या था अडसठ?”

“उनको मालूम है.”

मी जिना उतरलो. पहिल्या मजल्यावर आलो आणि थांबलो. मग परत वर चढलो. बाईंनी दार अजून लावलं नव्हतं.

“अडसठ नहीं,” मी म्हणालो. “बहत्तर.”

“पक्का?”

“पक्का. कम मत बोलना.”